बंद कॅमेरा डोक्यावर घेऊन मारलेल्या दोन उड्या

स्कायडायव्हिंगच्या, म्हणजे पॅराशूट घेऊन विमानातून उडी मारायच्या, त्या वर्गात पहिल्या दोन उड्यांना माझ्या कॅमेऱ्यात कार्ड नव्हतं. बॅटरीही नव्हती. प्रशिक्षक बाईंनी सकाळीच सगळ्यांचे कॅमेरे मागून घेतले, एकेकाची बॅटरी काढून डब्यात टाकली आणि मुके झालेले कॅमेरे परत आमच्या हातात ठेवले. "आज हे असेच डोक्यावर बसवा. बॅटऱ्या उद्या देईन. द्याव्याशा वाटल्या तर."

मी गेली सतरा वर्षं फोटो काढून पोट भरतो. त्या क्षणी मला काय वाटलं असेल, ते तुम्हीच ओळखा. कॅमेऱ्याबद्दल मला कुणी काही शिकवावं, यातच मुळात गंमत वाटत होती. स्कायडायव्हिंगच्या २१४ उड्या झाल्या होत्या, नवीन हेल्मेट महिन्याभरापूर्वीच घेतलं होतं, आणि हेल्मेटवर कॅमेरा लावून उडायचा हा दोन दिवसांचा वर्ग म्हणजे एक औपचारिकता, अशा थाटात मी गेलो होतो. आता वर्ग होऊन बरेच महिने लोटलेत, त्यानंतर कॅमेऱ्यासकट ३१ उड्या झाल्यात, म्हणून वर्गाबद्दल आणि हेल्मेटबद्दल एकदाच सविस्तर लिहितो. गुण द्यायचेच तर वर्गाला पाचपैकी साडेचार आणि हेल्मेटला साडेतीन. कापलेले गुण कुठे कापले ते ओघात येईलच.

आधी प्रवेशाची अट. किमान २०० उड्या, आणि त्यातल्या अलीकडच्या ५० त्याच पॅराशूटवर, जे घेऊन तुम्ही कॅमेऱ्यासह उडणार आहात. ही अट वर्गवाल्यांनी मनानं काढलेली नाही. अमेरिकेतल्या युनायटेड स्टेट्स पॅराशूट असोसिएशनची शिफारसही हीच आहे: सी लायसन्स, म्हणजे २०० उड्या, आणि स्वतःच्या सामानावरचा ताजा हात. पंचवीस-तीस उड्या झालेली मुलं या अटीवर फार चिडतात. "एवढासा तर कॅमेरा, फोनपेक्षा हलका, त्याला कसल्या दोनशे उड्या?" मीही साठाव्या उडीच्या सुमारास हेच म्हणत होतो, आणि जरा चढ्या आवाजात.

खरी गोम त्या 'एवढासा'मध्येच आहे. १९६०-७०च्या दशकांत कार्ल बोएनिशसारखे लोक डोक्यावर फिल्मचा कॅमेरा बांधून उडायचे. ते धूड डोक्यावर घेऊन उडायची कुणा नवशिक्याची टापच नव्हती. पुढे व्हिडिओ आला तरी रेकॉर्डर वेगळा असायचा, आणि तो अंगावर वागवावा लागायचा. वजनच लोकांना अडवायचं. आता कॅमेरा दीडशे ग्रॅमचा झाला, अडवणारं वजन गेलं, पण लक्ष खाण्याची त्याची भूक मात्र तेवढीच राहिली.

याच ठिकाणी बाईंनी १९८८ची गोष्ट सांगितली. नॉर्थ कॅरोलायना, एप्रिल महिना. आठशेहून अधिक उड्या झालेला, मुरलेला स्कायडायव्हर एका प्रशिक्षकाचं आणि विद्यार्थ्याचं चित्रीकरण करायला विमानातून बाहेर पडला. चित्रीकरण उत्तम चाललं होतं. त्या दोघांची पॅराशूटं उघडली, आणि यानं आपलं उघडायला हात मागे नेला तेव्हा पाठीवर पॅराशूट नव्हतंच. अंगावर चित्रीकरणाचं सामान होतं. त्या ओझ्यामुळेच पाठ रिकामी असल्याचं त्याच्या ध्यानात आलं नसावं, असं मानलं जातं. बाईंनी हे दोन मिनिटांत, आवाज न चढवता सांगितलं आणि फळ्याकडे वळल्या. वर्गात सहा जण होतो. त्या सहांपैकी तिघांनी नकळत स्वतःच्या छातीवरच्या पट्ट्याला हात लावून पाहिला. मी त्या तिघांत होतो. पॅराशूट तेव्हा अंगावर नव्हतंच, पलीकडे खुंटीला टांगलेलं होतं, तरीही.

आता हेल्मेट. कंपनीचं नाव मुद्दामच लिहीत नाही. असल्या हेल्मेटांत काय बघायचं ते कळलं म्हणजे झालं. माझं बंद तोंडाचं आहे, वर करता येणारी काच असलेलं, आणि डोक्यावर कॅमेऱ्यासाठी सपाट जागा. दुकानात ते मला देखणं वाटलं होतं. वर्गात बाईंनी ते हातात घेतलं आणि खिशातून जुन्या पॅराशूटच्या लाइनचा हातभर तुकडा काढला. बारीक दोरी, बुटाच्या नाडीहूनही सडपातळ. ती त्यांनी माझ्या हेल्मेटवरून मागून पुढे ओढली. सरळ सरकली. मग डावीकडून उजवीकडे. तीही सरकली. मी मनात खूश. मग त्यांनी तिरकी, मानेच्या मागून कानाच्या वर अशी ओढली आणि दोरी माउंटचा, म्हणजे कॅमेरा बसवायच्या बैठकीचा, जो हातानं फिरवायचा स्क्रू असतो ना, त्याच्या पाकळीत जाऊन टचकन अडकली. त्यांनी एक हिसका दिला. हेल्मेट टेबलावरून खाली येता येता राहिलं.

"आता हे तुमचं डोकं आहे असं समजा," त्या म्हणाल्या, "आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला दोनशे चौरस फुटांचं कापड."

बाईंनी दाखवलेले अडकण्याचे धोके ध्यानात ठेवण्यासारखे आहेत. पॅराशूट उघडताना पायलट शूट, म्हणजे ती पाठीमागून काढून हवेत सोडायची छोटी छत्री, आणि तिची पट्टी डोक्याच्या आसपासून जाते. अंग जरा तिरकं असलं, खांदा पडला, तर ती पट्टी किंवा लाइन कुठल्याही कोनातून डोक्यावर येऊ शकते. म्हणून दोरी एका दिशेनं सरकली की काम झालं, असं नाही. कॅमेरा आणि हेल्मेट यांच्यामधली फट, माउंटची पुढे आलेली जीभ, लांब स्क्रू, काचेची बिजागरी, सगळीकडे दोरी फिरवून बघायची. मी संध्याकाळी बसून तो पाकळीचा स्क्रू काढला, त्या जागी बुडता चपट्या डोक्याचा स्क्रू लावला आणि खालची फट फोमचा तुकडा कापून, वर टेप मारून बुजवली. दिसायला आता ते हेल्मेट अपघातातून उठून आल्यासारखं दिसतं. दोरी मात्र कुठूनही सरकते. हेल्मेटचा अर्धा गुण इथेच कापला: कॅमेऱ्यासाठी म्हणून विकायचं, आणि सोबत दिलेला माउंटच दोरी पकडणार!

दुसरा अर्धा गुण काचेला. विमानात बारा-पंधरा माणसं श्वास सोडत असतात, काच खाली केली की आतून धुकं. मी चष्मा लावतो, त्यामुळे धुक्याचे दोन थर. आता दार उघडेपर्यंत काच बोटभर वर ठेवतो.

उरलेला अर्धा हनुवटीच्या खटक्याला. आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहायलाच हवं, कारण कॅमेऱ्याच्या हेल्मेटमध्ये सगळ्यात मोलाची वस्तू तीच आहे.

समजा सगळी काळजी घेऊनही लाइन कॅमेऱ्यात अडकली. मुख्य पॅराशूट धड उघडत नाही आणि ते तुमच्या डोक्याला बांधलेलं आहे. नेहमीच्या बिघाडात काय करायचं ते पाठ असतं: उजवीकडचं हँडल ओढून मुख्य पॅराशूट सोडायचं, डावीकडचं ओढून रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूट, उघडायचं. पण इथे मुख्य पॅराशूट खांद्यावरून सोडलं तरी ते तुमच्या मानेला लटकून राहणार, आणि रिझर्व्ह त्यातच गुरफटणार. तेव्हा आधी हेल्मेट जायला हवं. म्हणून कॅमेऱ्याच्या हेल्मेटला एका हातानं, एका ओढीत सुटणारा खटका लागतो. माझ्या हेल्मेटला तो आहे, हनुवटीखाली उजवीकडे, लाल पट्टीचा.

आहे म्हणजे काय, तर असतो. मला तो वेळेत सापडतो का, हा प्रश्न वेगळा. बाईंनी आम्हाला छताला टांगलेल्या हार्नेसमध्ये, म्हणजे पॅराशूटच्या अंगपट्ट्यांमध्ये, लटकवलं, हातात मोजे, डोळे मिटायचे. मागून कुणीतरी हेल्मेटला बांधलेली दोरी ओढून धरायचं, म्हणजे मान मागे खेचलेली. आणि मग, सोडा हेल्मेट. पहिल्या खेपेला मला साडेसहा सेकंद लागले. मी गळ्याजवळ चाचपत राहिलो. एकदा जंपसूटची चेनच ओढली. बाईंनी घड्याळ बंद केलं आणि हिशेब करायला लावला. पोटावर पडलेला माणूस ताशी १९०-२०० किलोमीटर वेगानं खाली येतो, हजार फूट जायला साधारण साडेपाच सेकंद. साडेसहा सेकंद म्हणजे अकराशे फुटांच्या वर. पॅराशूट उघडायची खालची मर्यादा माझ्या लायसन्सला २५०० फूट, आणि मुख्य पॅराशूटचं पुढे काय करायचं ते ठरवून हात चालवायची रेषा १८०० फूट. म्हणजे अडीच हजारांवर माझं खरोखरच काहीच उघडलं नसतं, तर खटका शोधता शोधताच ती रेषा माझ्या डोक्यावरून निघून गेली असती.

"पण ऑटोमॅटिक आहे ना," मागून एक जण म्हणाला. म्हणजे सायप्रेस. १९९१पासून बाजारात असलेलं हे यंत्र साधारण ७५० फुटांवर, तुम्ही अजून ताशी १२५ किलोमीटरच्या वर वेगानं पडत असाल, तर रिझर्व्ह आपोआप सोडतं. बाई त्याच्याकडे बघून हसल्या. "सोडेल की. पण तुमच्या मानेला काय बांधलंय, ते त्याला दिसत नाही."

तो दिवस मी हेल्मेट घालून खटका ओढत काढला. साडेसहाचे चार झाले, चाराचे अडीच. शेवटी दोनच्या आत आलो. घरी टीव्ही बघतानाही मी हेल्मेट घालून बसायचो आणि मध्येच खटका ओढायचो. घरच्यांनी आधी काळजी केली, मग दुर्लक्ष. खटक्याला अर्धा गुण कापला तो याचसाठी: ती लाल पट्टी मोज्याच्या बोटांना नीट सापडत नाही, फार चपटी आहे. मी तिला दोरीची गाठ मारून जाड केली. मुख्य पॅराशूट सोडून द्यायच्या तीन रिंगांच्या कटअवेमुळे ज्यांचं नाव या खेळातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे, त्या बिल बूथ यांचा एक नियम सांगतात: सामान जितकं सुरक्षित होतं, तितकी माणसं जास्त धोका पत्करतात आणि मरणाऱ्यांचा आकडा जागच्या जागी राहतो. हेल्मेटला खटका आहे म्हणून माउंट कसाही लावणाऱ्यांना मी हल्ली हा नियम ऐकवतो. त्यांना तो आवडत नाही.

आता उड्या.

पहिली उडी, कॅमेरा बंद. साधारण १३,००० फूट. ठरलं होतं अगदी साधं: मी आणि वर्गातली एक जोडीदार, समोरासमोर, तीन मीटर अंतर, काहीही करामत नाही. ५५०० फुटांवर दोघांनी पाठ फिरवून एकमेकांपासून लांब जायचं आणि मग उघडायचं. बाई आमच्या वर, त्यांच्या कॅमेऱ्यासह.

बाहेर पडलो. झकास जमलं. ती समोर स्थिर, मी स्थिर. मग मला दिसलं की सूर्य तिच्या डाव्या खांद्याच्या मागे आहे. जरा खाली आणि उजवीकडे सरकलो तर तो थेट तिच्या हेल्मेटच्या कडेला येईल. मी सरकलो. आला. कानातल्या ऑडिबलनं, म्हणजे ठरलेल्या उंचीला वाजणाऱ्या यंत्रानं, टिपटिप केली. ती मला ऐकू आली, शेजारच्या घरात कुणाचा तरी गजर वाजतोय, आपला नव्हे, अशी. मी अजून थोडा उजवीकडे सरकत होतो. मग जोडीदाराची पाठ दिसली, आणि मग मी वळलो.

खाली आल्यावर बाईंनी विचारलं, "साडेपाच हजारांवर ती वळली. तुम्ही कधी वळलात?"

"लगेच," मी म्हणालो. मनापासून म्हणालो, खोटं नव्हे.

त्यांनी काही न बोलता त्यांचं चित्रीकरण लावलं. वरून आम्ही दोघं. ती वळली. मी तिथेच. एक. दोन. तीन. मग मी वळलो. तीन सेकंद म्हणजे पाचशे फुटांहून अधिक उंची, आणि तेवढा वेळ मी तिच्यापासून लांब गेलोच नव्हतो. दोन पॅराशूटं उघडतात तेव्हा मध्ये जी मोकळी जागा लागते, तिच्यातला माझा वाटा मी खाऊन टाकला होता.

आणि कशासाठी? कॅमेऱ्यात बॅटरी नव्हती हो. मी एका बंद कॅमेऱ्यानं चौकट जुळवत होतो.

त्या बॅटऱ्यांच्या डब्याचं मर्म मला तेव्हा कळलं. कॅमेरा चालू असता, तर मी स्वतःला सांगितलं असतं की चांगल्या चित्रासाठी तीन सेकंद गेले, चालायचंच. बंद कॅमेऱ्यापुढे ही सबब टिकत नाही. इतरांना ही खोड इतकी नसेलही. माझी मात्र सतरा वर्षांची कमाई आहे ती. डोळ्यासमोर काही दिसलं की माझं अंग आपोआप त्याभोवती फिरायला लागतं. जमिनीवर त्याचे पैसे मिळतात.

दर उडीनंतर त्या एक कागद द्यायच्या. डाव्या बाजूला १३,००० पासून ३,००० पर्यंत हजार-हजारानं आकडे, आणि समोर रिकामी ओळ. प्रत्येक ओळीत लिहायचं, तेव्हा डोळे कुठे होते: जोडीदार, अल्टिमीटर (मनगटावरचा उंचीमापक), क्षितिज, खाली. माहीत नसेल तिथे फुली. पहिल्या उडीच्या माझ्या कागदावर आठ हजारांच्या खाली ओळीनं फुल्या होत्या. दुसऱ्या उडीला दोन फुल्या. उरलेल्या तीन उड्यांना एकही नाही, पण तेव्हा मी कागद भरायच्या धसक्यानं दर पाच सेकंदांनी मनगटाकडे बघत होतो, आणि ते चित्रीकरणात ठसठशीत दिसतं: जोडीदार, मनगट, जोडीदार, मनगट, टेनिसचा सामना बघणाऱ्या प्रेक्षकासारखा. बाईंना ते आवडलं. मला अजूनही ते चित्रीकरण लोकांना दाखवायची लाज वाटते.

मानेबद्दल एक सांगितलंच पाहिजे. तिसऱ्या उडीला, म्हणजे पहिल्या चालू कॅमेऱ्याच्या उडीला, मी पायलट शूट टाकलं आणि जोडीदाराचं पॅराशूट उघडताना टिपावं म्हणून मान डावीकडे वळवली. ओपनिंग काही वाईट नव्हतं. पण साध्या ओपनिंगलाही अंगावर वजनाच्या तीन-चारपट भार येतो, कडक असेल तर त्याहून कितीतरी जास्त. घरच्या काट्यावर माझं हेल्मेट, माउंट, कॅमेरा मिळून किलोभर भरतात. तो किलो त्या क्षणी चार किलोंचा झाला, आणि तोही वळलेल्या मानेवर. कट्ट असा आवाज मला आतून ऐकू आला. पुढचे दोन दिवस मी मागून कुणी हाक मारली, तर अख्खा वळायचो. ओपनिंगच्या वेळी नजर समोर क्षितिजावर, हनुवटी किंचित आत, आणि पॅराशूट भरेपर्यंत वर-खाली-बाजूला कुठेही बघायचं नाही, हे वर्गात सांगितलेलं होतं, मी वहीत लिहूनही घेतलेलं होतं. आणि कॅमेरा शक्यतो डोक्याच्या मधोमध, डोक्याला चिकटून. कानाच्या बाजूला लावलात तर ओपनिंगला तो मान पिळतो.

कॅमेऱ्याच्या तांत्रिक भागात मला शिकण्यासारखं थोडंच होतं, पण ज्यांना सवय नाही त्यांच्यासाठी तो तास चांगला होता. शटर वेगवान, एक्स्पोजर विमानाच्या दारातून बाहेर पडण्याआधीच पक्कं करून टाकायचं, नाहीतर अंधाऱ्या विमानातून उजेडात येताना पहिले दोन सेकंद पांढरेफटक. आवाज बंद, ताशी दोनशेच्या वाऱ्याचा आवाज एकदा ऐकला की पुरे. चार हजार मीटरवर तापमान जमिनीपेक्षा साधारण पंचवीस अंशांनी कमी असतं, तिथे अर्धी भरलेली बॅटरी मान टाकते. रेकॉर्डिंग दार उघडायच्या बरंच आधी सुरू करायचं, समोरच्याला दिवा लुकलुकताना दिसला का विचारायचं, आणि त्यानंतर त्या बटणाला हात लावायचा नाही. सुरू झालं नसेल तर नसेल. दारात उभं राहून डोक्यावर चाचपणारा माणूस स्वतःची हँडल तपासत नसतो.

वर्गाचा अर्धा गुण कापला त्याची कारणं दोन. माहितीपत्रकात स्थिर छायाचित्रणही शिकवू असं लिहिलं होतं. प्रत्यक्षात तोंडात धरून दातांनी दाबायचा स्विच आणि डोळ्यासमोर लावायचं नेम धरायचं वर्तुळ, या दोन वस्तू वर्गात हातोहात फिरवल्या, आणि झालं. माझ्यासारखा माणूस त्यासाठीच आला होता. कॅमेरामनच्या पंखवाल्या जॅकेटचं तर नावच निघालं नाही. दुसरं म्हणजे, दुसऱ्या दिवशी वाऱ्यामुळे तीन वाजेपर्यंत विमान उडालंच नाही. तो कुणाचा दोष नाही. पण मग उरलेल्या तीन उड्या उजेड जायच्या आत उरकायची घाई झाली. शेवटच्या उडीचा कागद आम्ही पॅराशूट गोळा करता करता भरला आणि बाईंनी तो चालता चालता वाचला. ज्या वर्गाचा सगळा भर घाई न करण्यावर, त्यानं ती उडी सरळ पुढच्या आठवड्यावर ढकलायला हवी होती. मी तसं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, मान्यही केलं.

एका वर्गात सहा जण हेही मला जरा जास्तच वाटलं. चार असते, तर हार्नेसमध्ये लटकायला अजून दोन-दोन वेळा मिळाले असते.

वर्गानंतर महिन्यानं एक प्रसंग घडला. एरवीसारखीच शनिवारची उडी, विमानात आम्ही नऊ जण, ९००० फूट झालेले. समोरच्यानं माझी तपासणी करताना सवयीनं हेल्मेटवरच्या कॅमेऱ्याला बोट लावून हलवलं, आणि तो हलला. माझा बुडता स्क्रू सैल झाला होता. मीच लावलेला, आदल्या रात्री फोम बदलताना काढून पुन्हा लावलेला, आणि पुरता न पिळलेला. पिळायला हत्यार नव्हतं. ते खाली पिशवीत.

सगळ्यांनी सल्ले दिले. टेप मार. कॅमेरा काढून सूटच्या आत घाल. काही होत नाही, घट्टच आहे तसा. एकानं तर स्वतःच्या नाण्यानं स्क्रू फिरवून पाहिला. मी तेव्हा काय विचार केला ते मला आठवतंय: आज ढग सुरेख आहेत. आणि त्या विचारापाशीच मी थबकलो. हेल्मेट काढून मांडीवर घेतलं, पट्टा पुन्हा कमरेला लावला आणि पायलटला सांगितलं की एक जण परत येतोय, तेव्हा बेतानं उतरव. बाकीचे आठ जण एकामागून एक दारातून गेले. शेवटच्यानं मला हात केला. दार लागलं, वाऱ्याचा आवाज बंद झाला, आणि एवढं मोठं रिकामं विमान एकट्या माझ्यासाठी गोल गोल फिरत खाली आलं.

खाली आल्यावर पाहिलं तर कॅमेरा चालूच होता. वर दिवा लुकलुकतोय का विचारून मी रेकॉर्डिंग सुरू केलं होतं आणि मग नियमाप्रमाणे बटणाला हात लावला नव्हता. मांडीवरून सरळ खाली रोखलेला. सतरा मिनिटं माझे बूट, चौकट एकदम स्थिर, एक्स्पोजर बरोबर.